ताटातली नरोटी

गारखेड्यातल्या गजानन महाराज मंदिरात कीर्तन ऐकून निघालो तेव्हा माझ्या अंगात काहीतरी संचारलं होतं. "रोज सगळ्यांनी मिळून पाच ओव्या वाचा, बघा घर कसं बदलतं," असं बुवा म्हणाले होते. घर बदलायचं तर कर्ज काढावं लागतं, एवढंच मला ठाऊक होतं. पाच ओव्यांत भागत असेल तर स्वस्तच. सूतगिरणी चौक येईपर्यंत माझा नियम ठरलासुद्धा. रात्री नऊ वाजता टीव्ही बंद, मोबाइल फ्रिजवर, ज्ञानेश्वरी चौरंगावर.

घरी जाहीर केलं. बायकोने एवढंच विचारलं, "आणि नऊची भांडी?" नववीतल्या मुलीने हिशेब मांडला: नऊ हजारांवर ओव्या, रोज पाच, म्हणजे जवळपास पाच वर्षं. "बाबा, एकट्या अठराव्या अध्यायालाच वर्ष लागेल. तोवर मी हॉस्टेलवर असेन." मी सहावीतल्या चिरंजीवांकडे वळलो. म्हटलं, "अरे, ज्ञानेश्वरांनी नेवाशात हा ग्रंथ सांगितला तो शके १२१२ ला, पंधराव्या-सोळाव्या वर्षी. तुला तर नुसता वाचायचाय." तो म्हणाला, "त्यांना शाळा नव्हती ना."

वाचन सुरू झालं. वाचायला तसं काही अवघड नव्हतं, अडचण अर्थाची होती. मुलांना मी सांगायचो खरं, पण दुपारी ऑफिसात डबा खाताना सार्थ प्रत गुपचूप चाळून आलेला असायचो. आणि गडी एकदा बोलायला लागला की थांबतो कुठे? अर्जुनाचा विषाद सुरू व्हायचा, तिथून मी मनाच्या दुबळेपणावर, मग मोबाइलवर आणि शेवटी गणितातल्या मार्कांवर उतरायचो. ओवी कोणतीही असो, माझा अर्थ सहामाहीच्या निकालाशीच जाऊन थांबायचा.

आई पैठणकडची. ती डोळे मिटून माळ ओढत बसायची. एके दिवशी डोळे न उघडता म्हणाली, "झालं का लेका? आता ही नरोटी काढ ताटातून."

मुलांनी कान टवकारले. मग आईने सांगितलं. ज्ञानेश्वरीत लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या, त्या निवडून एकनाथांनी पाठ शुद्ध केला, शके १५०६ मध्ये. आणि शेवटी बजावून ठेवलं, की यापुढे यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. म्हणजे मी.

त्या दिवसापासून माझी सोय राहिली नाही. मी घसा खाकरला रे खाकरला की चिरंजीव "नरोटी!" म्हणून ओरडायचे. हा शब्द चौरंगापुरता राहता तरी चाललं असतं, पण बायकोने तो जेवणाच्या टेबलावर नेला. पाहुण्यांसमोर मी माझ्या नोकरीचा जुना किस्सा काढला की ती वरणाची वाटी पुढे सरकवत पुटपुटायची, "ठेवली."

खाडे सगळ्यात आधी माझेच पडले. एकदा क्रिकेटची मॅच, एकदा त्रिमूर्ती चौकात मित्र भेटला, एकदा नुसताच कंटाळा. ग्रंथात खूण म्हणून टँकरची पावती घातलेली होती. ती चार दिवस एकाच पानावर. रविवारी एकदम वीस वाचून थकबाकी फेडू, असं मी सुचवलं. आई म्हणाली, "वीजबिल आहे का ते?"

मग ती रात्र. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते काही दिवसांच्या अंतराने, आणि येतं तेव्हा वेळ-काळ बघत नाही. पावणेदहाला चिरंजीवांची वाचायची पाळी, तिसरी ओवी चालू, आणि गल्लीतून हाक आली, "पाणी आलं!" गारखेड्यात या हाकेला कुणी बसून राहत नाही. बायको हौदाकडे, मी मोटारीकडे, मुलगी गच्चीवरच्या टाकीकडे. आई खुर्चीसकट अंगणात. आणि चिरंजीव, उरलेल्या दोन ओव्या राहतील म्हणून की आजीच्या धाकाने कोण जाणे, ग्रंथ छातीशी धरून मोटारीशेजारी येऊन उभे राहिले आणि तिच्या घरघरीवर आवाज चढवून वाचू लागले.

शेजारच्या काकू पाइप हातात धरून थांबल्या. हे पाणी नाथसागराचं, तिकडून जायकवाडीहून आलेलं. वाचतोय तो पाठही नाथांनीच निवडलेला. असा छान विचार माझ्या मनात आला आणि तो बोलून दाखवायला मी घसा खाकरला.

चिरंजीवांनी नुसतं वर पाहिलं. मी गप्प बसलो.

पाचवी ओवी सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, "ती मोटार बंद कर रे. शब्द कळंना."

मी गच्चीकडे पाहिलं. वरून मुलगी ओरडली, "बाबा, अर्धीच भरलीय!"

"ऐकू आलं ना तुला?" आई म्हणाली. "कर बंद."