सीजीवाले काका

नवशिक्याच्या रेडिओ कंट्रोल विमानाचं पहिलं उड्डाण नवशिक्याने करायचं नसतं. ते मैदानावरचे काका करतात. असे एक काका प्रत्येक मैदानावर असतातच. डोक्यावर टोपी, गळ्यात रेडिओचा पट्टा आणि दोन्ही तर्जन्या सदैव मोकळ्या. त्या सीजी बघण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात.

सीजी म्हणजे गुरुत्वमध्य. वर पंख असलेल्या साध्या ट्रेनरमध्ये, म्हणजे शिकाऊ विमानात, तो पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण 25 ते 33 टक्क्यांवर असावा लागतो. तिथे खालून दोन बोटं लावून विमान उचलायचं. नाक किंचित झुकलं की झालं. नाक जड असेल तर विमान कसंबसं उडतं, शेपूट जड असेल तर बहुधा एकदाच उडतं. हे काम मिनिटाचं आहे, पण काकांना ते आवरत नाही. बॅटरी सूतभर पुढे, सूतभर मागे, पुन्हा बोटं. मग वडापावही तोलून होतो, आणि चटणी एकाच बाजूला गेल्याचं जाहीर होतं. पुतणीला सांगून आलेल्या स्थळाबद्दलही त्यांनी एवढंच मत दिलं, की मुलगा शेपटाकडे जड आहे.

या नादात खरी तपासणी राहून जाते. रेडिओची काठी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची मागची झडप, म्हणजे एलेरॉन, वर गेली पाहिजे. ती हलवणारा सर्व्हो उलटा चालत असेल तर विमान हातातून सुटताच उताणं होऊन जमिनीत घुसतं. असं घुसलेलं एक विमान काकांनी गोळा करून आणलं आणि उरलेल्या अर्ध्याचाही सीजी काढला.

सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून उड्डाण तेव्हाच. थ्रॉटल पूर्ण, फेक सरळ आणि वाऱ्यासमोर. विमान दोन चुका पचतील इतक्या उंचीवर गेलं, की काका ट्रिम देऊन ते हात सोडून सरळ चालवून दाखवतात. मग थ्रॉटल बंद करून ते किती हळू चालतं आणि नाक कधी टाकतं, हे बघतात. एवढा वेळ ते सीजीबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

यानंतर रेडिओ नवशिक्या पोराच्या हातात जातो. विमान समोरून येऊ लागलं की डावं-उजवं उलटतं आणि पोर गांगरतं. काका रेडिओ हिसकावत नाहीत. ‘काठी सोड,’ एवढंच म्हणतात. पंख टोकांकडे वर उचललेले असल्याने, उंची असली तर, ट्रेनर आपणहून सावरतो. ‘आता जो पंख खाली, त्या बाजूला काठी.’ आवाज इतका शांत, की वडापाववाले काका ते हेच का, अशी शंका यावी.

त्यांच्या घरी बाल्सा लाकडाचं एचटी-2 आहे. मूळ एचटी-2 म्हणजे वि. मा. घाटग्यांनी आराखडा केलेलं, 1951 मध्ये पहिल्यांदा उडालेलं हिंदुस्थान एअरक्राफ्टचं प्रशिक्षण विमान. काकांनी कित्येक हिवाळे खपून त्याची ही प्रतिकृती बांधली. सीजी तंतोतंत आहे, तरी ती अजून उडालेली नाही. तिची चाचणी घ्यायला दुसरे काका लागतील, आणि तसा माणूस त्यांना कुणी पटत नाही.

पोराचं विमान गवतात पोटावर उतरलं, की बॅटरीच्या जागी पेनाने रेघ मारली जाते. पुढच्या उड्डाणाआधी काका तिथेच पुन्हा बोटं लावतात.