झाशीचा हिवाळी हंगाम

2021 सालच्या अखेरीस ज्या रेल्वे स्थानकाने ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाँसी’ असे भारदस्त नाव धारण केले, त्याच्या दाराशी कार्तिकापासून होळीपर्यंत जो व्यापार चालतो त्यात सर्व काही विकत मिळते. केवळ झाशी हा माल कोठे मांडलेला दिसत नाही. पाठीवर बोचके घेतलेला गोरा पाहुणा दृष्टीस पडताच मोटारवाले ‘ओरछा! खजुराहो!’ असा जो एकच घोष करतात, त्यात या शहराचे नाव काढणारा इसम व्यवहारशून्य ठरतो. ओरछा 18 किलोमीटरवर, खजुराहो पावणेदोनशेवर. दोन्ही मध्य प्रदेशात, आणि झाशी मात्र उत्तर प्रदेशात. तेव्हा पाहुणा उतरावयाचा एका राज्यात आणि पैसा सोडावयाचा दुसऱ्यात, असा हा परस्पर सामंजस्याचा करार असून त्यात एका सरकारच्या वाट्यास चहाचा कुल्हड येतो व दुसऱ्याच्या वाट्यास हॉटेलचे भाडे. जी झाशी देणार नाही असे निक्षून सांगून राणी तलवारीस तलवार भिडवून लढली, ती झाशी घ्यावयास आज कोणी उभाही राहत नाही.

त्यातच रेल्वे खात्याने घात केला. 2008 साली खजुराहोस रेल्वे पोहोचली आणि 2024 साली दिल्लीहून तेथे थेट वंदे भारत धावू लागली. म्हणजे पूर्वी निदान गाडी बदलण्याच्या निमित्ताने जो पाहुणा झाशीच्या फलाटास पाय लावीत असे, तो आता काचेआडून फलाटाचे छायाचित्र काढून पुढे जातो. परंतु बुंदेलखंडावर ईश्वराची कृपा आहे आणि ती पौष महिन्यात धुक्याच्या रूपाने अवतरते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या या खडकाळ मुलखात ज्या दिवशी हाताला हात दिसत नाही, त्या दिवशी गाड्या चार-चार, आठ-आठ तास विलंबाने धावतात, आणि मग या शहराचे खरे उत्पन्न सुरू होते. स्थानकासमोरील लॉजमधील खोल्या तासांच्या हिशेबाने दिल्या जातात. गरम पाण्याच्या बादलीची आकारणी स्वतंत्र असते, रजईची त्याहून स्वतंत्र, आणि ती रजई गेल्या पाहुण्याच्या अंगावरून नुकतीच उतरली आहे ही ऊब मात्र विनामूल्य. मुरैन्याची गजक, तिळाचे लाडू, शिंगाडे, अलाहाबादी म्हणून विकले जाणारे कोठलेही पेरू, आणि उत्तरेतील बहुतेक शहरांत थंडीबरोबर अवतीर्ण होणारे तिबेटी लोकांचे स्वेटर, या सर्वांचे अर्थशास्त्र एका धुक्यावर उभे आहे. भुईमुगाच्या शेंगांचा ढीग घालून, त्याच्या माथ्यावर धुमसत्या निखाऱ्यांचे छोटे मडके ठेवून बसलेला विक्रेता उद्घोषणेकडे ज्या एकाग्रतेने कान देतो, तितकी एकाग्रता प्रवाशांतही आढळत नाही. ‘विलंबाबद्दल खेद आहे’ हे शब्द ऐकताच तो कागदाच्या पुड्या वळू लागतो आणि प्रत्येकीत हिरव्या मिठाची चिमूट टाकतो. देशात खेदाचे इतके शुद्ध रोकडीकरण अन्यत्र झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तथापि झाशीसाठीच झाशीस येणारा एक वर्ग शिल्लक आहे, आणि तो म्हणजे आपण. महाराष्ट्रातून निघालेली यात्रा कंपनीची बस हिवाळ्यात येथे दाखल होते तेव्हा तिच्या उदरात आचारी, शेगडी, गॅसचे नळकांडे, पोह्यांची पोती आणि गोडा मसाला इतका सरंजाम असतो, की किल्ल्यास पुन्हा वेढा पडला तरी मंडळी महिनाभर सहज तग धरतील. या हिवाळी स्वारीस जोड शोधावयाची तर ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचे गाव आहे. तेथे दर हिवाळ्यात अमेरिकेतील पेन्शनर चाकांवरची घरे घेऊन उतरतात आणि काही हजार वस्तीच्या त्या गावातील तंबूवाले, रत्नखड्यांचे व्यापारी व जुन्यापुराण्याचे विक्रेते त्यांच्यावर वर्षाची बेगमी करतात. फिरत्या घरांसाठी महाराष्ट्र सरकारनेही 2021 साली कारवां पर्यटनाचे धोरण जाहीर केले. परंतु मराठी मनुष्याने हे धोरण फार पूर्वीच अमलात आणले होते, आणि त्यात अमेरिकनांस न सुचलेली सुधारणाही केली होती, ती ही, की गावात उतरावे पण गावाकडून काही घेऊ नये.

झाशीसाठी कोण येतो हे किल्ल्यावरील मार्गदर्शकास चांगले ठाऊक असते. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने 1613 मध्ये बांधलेला हा किल्ला दिल्लीच्या पाहुण्यास तो वीस मिनिटांत उरकतो. मराठी मंडळी दिसली की मात्र कडकबिजली तोफेपाशीच त्याचा कंठ दाटतो, तोफची गुलाम गौस खानाच्या कबरीपाशी आवाज फुटतो, आणि जेथून राणीने दत्तक पुत्रासह घोडा फेकला असे सांगतात त्या बुरुजापाशी तटाची उंची श्रोत्यांतील आजीबाईंच्या संख्येच्या प्रमाणात वाढत जाते. डोळे पुसून झाल्यावर मंडळी त्याच्याशी दक्षिणेबाबत जी घासाघीस करतात ती ऐकून इंग्रज सेनापती ह्यू रोजनेही वेढा उठविला असता. राणीचे लग्न जेथे लागले असे झाशीकर सांगतात त्या गणेश मंदिरात मात्र सर्वांचे हात आपोआप जोडले जातात. हात जोडण्यास मूल्य पडत नाही.

दक्षिणेच्या या हिशेबात नवीन काही नाही, हेही नमूद केले पाहिजे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या सुमारास उत्तरेस निघाले ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. कर्जाचा भार हलका करावयाचा होता, प्रेक्षणीय स्थळे पाहावयाची नव्हती. झाशीत त्यांना राजाश्रय लाभला, पाठोपाठ वेढा पडला, शहराची लूट झाली, मिळविलेले सर्व गेले, आणि अखेर गंगोदकाची कावड घेऊन ते घरी परतले. 1907 साली त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून निघाला आणि मराठी माणसास झाशीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत मिळाला. पण त्यांचा क्रम तरी सरळ होता: आधी दक्षिणा, मग अश्रू. आम्ही अश्रूंचा भाग तेवढा ठेवला आहे, आणि आमची लूट करणे कोणास शक्य नाही, कारण पिशवीचे तोंड आम्ही घरूनच शिवून आणतो.

गेल्या हंगामात किल्ल्याच्या पायथ्याशी अशीच एक बस उभी राहिली. आचाऱ्याने फुटपाथवर शेगडी पेटविली आणि चाळीस माणसांस कांदेपोहे वाढले. शेजारचा शेंगवाला निखारे फुंकीत हे पाहत होता. तेवढ्यात तहबाजारीची, म्हणजे रस्त्यावर बसण्याच्या कराची, पावती फाडणारा ठेकेदाराचा माणूस आला. शेंगवाल्याने पैसे मोजले आणि अत्यंत अदबीने विचारले, की रस्त्यावर चूल मांडून चाळीसजणांस खाऊ घालणाऱ्या या ठेल्याची पावती साहेब केव्हा फाडणार? यात्रेचा व्यवस्थापक उसळून म्हणाला, ‘अहो, आम्ही काही विकत नाही!’ ‘वह तो ठीक है, भाईसाहब,’ शेंगवाला म्हणाला, ‘मगर खरीदते भी तो नहीं.’ पावतीवाल्याने दोन्ही पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, पावतीपुस्तक खिशात घातले, पुढे आलेली पोह्यांची बशी हाती घेतली आणि वरून शेव थोडी जास्त मागितली.