सिंगल ओनर डॉक्टरांना जोह्याहून पत्र

मु. पो. जोहे, ता. पेण, जि. रायगड

आदरणीय डॉक्टरसाहेब, पुणे, यांस


आपली प्रत्यक्ष ओळख नाही, पण आपलं नाव आमच्या गावात वरचेवर निघतं. जुनी गाडी बघायला माणूस पेणला जावो, पनवेलला जावो की घाट चढून थेट पुण्याला, विकणारा बॉनेट उघडायच्या आधी सांगतो, "डॉक्टरची गाडी आहे. सिंगल ओनर. घर ते दवाखाना, बाकी कुठे नाही." आमच्या आळीतल्या गाड्यांची बेरीज केली, तर आपल्याकडे एकाच काळात मारुती 800, सँट्रो, दोन-तीन इंडिका, एक ओम्नी आणि एक क्वालिस होती. क्वालिस घेऊन घर ते दवाखाना कशाला, असं एकाने विचारलं होतं. विकणारा म्हणाला, मोठे डॉक्टर होते.

इतक्या गाड्या, पण एकही पन्नास हजार किलोमीटरच्या पुढे गेली नाही. दवाखाना बहुतेक घरातच असावा. तरीही क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचा वरचा भाग चकचकीत आणि ड्रायव्हरच्या सीटला खड्डा. शेजारची सीट मात्र करकरीत, म्हणजे मॅडम कधी बसल्याच नाहीत. "टायर कंपनीचेच आहेत, बदललेले नाहीत," असंही सांगतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2314 असेल तर 2014 सालच्या 23व्या आठवड्यात तो टायर बनला. गाडी 2011 ची. टायर बनेपर्यंतची तीन वर्षं आपण ती कशावर चालवलीत, हे कळवावं.

मला नेहमी प्रश्न पडतो की डॉक्टरच का? वकिलाची गाडी म्हणून कोणी गाडी विकत नाही. पोलिसाची, पुढाऱ्याची तर नाहीच. मास्तरांची म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, मग सर्व्हिसिंग टाळलं असणार. डॉक्टर म्हटलं की हात स्वच्छ, पैसा वेळेवर आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. आपल्या समाजात वैद्यकीय व्यवसायावरचा विश्वास कमी झालाय असं वर्तमानपत्रं लिहितात. त्यांनी एकदा जुन्या गाड्यांच्या बाजारात फेरी मारावी.

या कोड्यावर एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने काम करून ठेवलंय. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला, पुढे 2001 साली नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी द्यायला तिचा मालक तयार होत नाही, तो ती घरीच ठेवतो आणि बाजारात उरतात त्या बाकीच्या. अकरलॉफ यांना आपल्याबद्दल माहिती नव्हती. गाडीची खात्री देता येत नसेल तेव्हा मालकाच्या चारित्र्याची द्यायची, हा तोडगा आमच्याकडच्या दलालांनी एकही निबंध न लिहिता काढला.

पण जोह्यात ही हातचलाखी फार टिकत नाही. आमचं गाव गणपतीचं आहे. जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात घरटी नाही तरी आळीआळीला मूर्तींचे कारखाने आहेत आणि वर्षभर साचे, ओतकाम, पॉलिश पेपर, रंग, आखणी हेच चालतं. दोन अर्ध्या भागांचा जोड घासून नाहीसा करणं हा आमचा पोटापाण्याचा धंदा. मागे चुलतभावाने दारात एक गाडी दाखवायला आणली होती, चांगली लालभडक. कारखान्यात दिवसभर पॉलिश पेपर मारणारी एक बाई जेवणाच्या सुट्टीत तिथून चालली होती. तिने मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "इथं जोड हाय, भाऊ." लोहचुंबक नाही, मशीन नाही. खरवडलं तर खाली बोटभर जाड लांबी भरलेली. विकणाऱ्याचा चेहरा पडला, पण आम्हाला त्याच्याबद्दल आदरच वाटला. काम साफ होतं. आमच्या मूर्तीचा रंग अनंत चतुर्दशीपर्यंत टिकला की झालं, नंतर कोणी गॅरंटी मागायला येत नाही; त्याचा रंग गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सही होईपर्यंत टिकला की झालं. फरक एवढाच की आम्ही विसर्जनाची तारीख लपवत नाही.

जुन्या गाडीला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही, गैरसमज नको. आमचा धंदाच जुन्या गाड्यांवर उभा आहे. नवीन टेम्पोचे हप्ते बाराही महिने जातात आणि आमच्याकडे खरी वर्दळ जूनपासून गणपतीपर्यंत. उरलेले महिने गाडी मांडवाखाली उभी असते. अशा गाडीवर कर्ज काढणारा माणूस बँकेला आवडतो, आम्हाला त्याची काळजी वाटते. म्हणून ओम्नी. 1984 साली आली, 2019 मध्ये बंद झाली, इंजिन मारुती 800चंच, 796 सीसी, तीन सिलिंडर, तेही पुढच्या सीटखाली, म्हणजे पाऊस लागला तर मेस्त्री गाडीत बसून इंजिन उघडतो. मागची सीट काढली, भाताचा पेंढा अंथरला, बाजूचं दार सरकवलं की दीड-दोन फुटी मूर्ती सुखाने बसतात. खासगी पासिंगच्या गाडीतून माल नेता येत नाही असं चौकात थांबवून सांगणारे भेटतात. बाप्पा हा माल की प्रवासी, हा प्रश्न आम्ही त्यांच्यासमोर मांडतो. बहुतेक जण हात जोडतात. काही जण पावती फाडतात आणि मग हात जोडतात.

तर गाडी चालवायला काही तक्रार नाही. सांभाळायला मात्र आमच्या गावात कंबर कसावी लागते, कारण हा खारेपाट. खाडीचा वारा, उधाणाचं पाणी, चार महिन्यांचा पाऊस. आपण पुण्याच्या कोरड्या हवेत गाडी ठेवली होती, म्हणून 'घाटावरची गाडी' ऐकलं की आमच्याकडे दोन पैसे जास्त देतात. ती इथे आली की पहिल्याच पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड येतात. फोड दिसतो टिकलीएवढा, आतला पत्रा तळहाताएवढा गेलेला असतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजतं. तार घालून भोकं मोकळी करायला पैसा लागत नाही, पत्रा मारायला हजारो लागतात. मॅट उचलून पाय ठेवायची जागा बघायची. पेंढ्याचा ओलावा तिथे मुरतो, हा आमच्या ओम्नीचा खास रोग. पावसाळ्याआधी खालून चांगलं अंडरकोटिंग करून घ्यावं. ज्यांना ते परवडत नाही ते जळकं ऑइल फासतात. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावतात.

गाडी घ्यायची तर मेस्त्री ती बघायला जातो तो सकाळी, न सांगता. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं असतं. आपल्या नावाच्या गाड्या मात्र आम्ही पोचायच्या आधीच नेहमी गरम झालेल्या असतात. मागे निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, बोअर-पिस्टनचा खर्च. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ थर असेल, तर हेड गॅस्केट गेलं, रेडिएटरचं पाणी इंजिनात उतरतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. त्यातल्या त्यात हे स्वस्त. शेवटी तो सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासूनची ही सवय. बुडालेली गाडी धुऊन, अत्तर मारून, सीटकव्हर घालून विकता येते. गुंडाळीच्या अगदी आतल्या पट्ट्याला लागलेल्या गाळाची रेघ मात्र कोणी धूत नाही.

या सगळ्यात कुठेही आपला संबंध येत नाही, डॉक्टरसाहेब. पत्रा, धूर, पट्टा यांना मालकाचा व्यवसाय ठाऊक नसतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी बघा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी, गिअर स्टिअरिंगला, दिवसरात्र टॅक्सी. शेवटची टॅक्सी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर 2023 पर्यंत, तिचं वय कायद्याने मोजलं गेलं. त्या गाड्या डॉक्टरच्या होत्या असं कोणी म्हटलं नाही. त्यांना रोज संध्याकाळी पाना लावणारा माणूस होता.

आता मूळ मुद्दा. आम्ही गावकरी आपल्याला काल्पनिक समजत होतो. पण चुलतभावाच्या ओम्नीचं आरसी बुक उघडलं आणि मालकाच्या रकान्यात खरोखर आपण निघालात. पासिंग एमएच-12, साल 2012, नावाआधी 'डॉ.' छापलेलं. इतक्या वर्षांत दलालांनी सांगितलेला हा पहिला खरा डॉक्टर, आणि तोही अजून मालकच! गाडी आपल्यानंतर शाळेची पोरं नेणाऱ्याकडे, मग केटररकडे, मग खोपोलीच्या एका माणसाकडे आणि तिथून जोह्याला आली. आपण सही करून दिलेले कोरे फॉर्म 29 आणि 30 प्रत्येकाने पुढच्याच्या हातात ठेवले. तारखेची जागा रिकामी, घेणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी. खाली आपली सही, प्रिस्क्रिप्शनसारखी, म्हणून कोणाला शंका आली नाही.

आपण पैसे घेतलेत, किल्ली दिलीत आणि सुटलो असं समजलात. मोटार वाहन कायद्याचं कलम 50 म्हणतं की विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं. 6 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. तिथेही गाडी अशीच हातोहात विकली गेली होती, 2009 साली अपघात झाला, आणि भरपाई कोणी द्यायची तर ज्याचं नाव नोंदणीत आहे त्याने. त्या मूळ मालकाने तोवर गाडी विकून दोन वर्षं होत आली होती. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला प्राधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी आली हे त्याने रीतसर कळवलं की ती विकेपर्यंत मालक तोच मानतात. नियम चांगला आहे. आपली ओम्नी त्याआधीच मार्गाला लागली होती.

तेव्हा आजही महामार्गावर कोणी कॅमेऱ्यात सापडलं की चलन आपल्याकडे येतं. ऑनलाइन काही करायला गेलं की ओटीपी आपल्या मोबाइलवर येतो, मग फोन येतो, "डॉक्टर, जरा नंबर सांगता का?" आणि तो आम्हीच केलेला असतो. नवीन सुरक्षा नंबरप्लेटच्या वेळी आपण सांगितलात, आभारी आहोत. आवाजावरून त्रासल्यासारखे वाटलात. आपल्याला गाडी विकून इतकी वर्षं झाली, तरी ती सांभाळण्यात आपला वाटा चुलतभावापेक्षा कमी नाही.

पण 2027 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल, गाडी आरटीओत दाखवावी लागेल, अर्ज नोंदणीतल्या मालकाने करायचा. पूर्वी कारला या कामाचे 600 रुपये पडत, एप्रिल 2022 पासून 5,000 झाले, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट 2025 पासून 10,000. पैसे चुलतभाऊ भरेल, त्यात दुमत नाही. मालक मात्र त्याला बाजारात विकत मिळणार नाही.

म्हणून विनंती अशी. सवड काढून एकदा पेणला यावं. आरटीओ पेणलाच आहे, एमएच-06. आधार कार्ड, पॅन कार्ड आणि फोटो आणावेत. कोऱ्या फॉर्मवरच्या सहीचा सराव आमच्या गावातल्या रंगारी पोरांनी करून बघितला होता. जमली हुबेहूब. पण चुलतभाऊ म्हणाला, खोटी सही नको, माणूस जिवंत आहे तर त्यालाच बोलवू. दुपारी जेवायला जोह्यातच थांबावं, जिताडा मिळाला तर जिताडा, नाहीतर सुकट आहेच. ज्याला आम्ही डॉक्टर समजत आलो तो एकदा बघायची गावाची इच्छा आहे. खाजण बघायचं असेल तर ओहोटीला यावं.

कळावे, लोभ असावा.
आपल्या गाडीच्या आजच्या मालकाचा चुलतभाऊ

ता. क. दुसरी किल्ली आपल्याकडेच राहिली असावी. घरात शोधून ठेवावी. आमच्याकडच्या किल्लीने फक्त डावं दार उघडतं.