लाइटताई

नेरूळ, सीवूड्स, खारघर या पट्ट्यात दर दोन सोसायट्यांमागे एक तरी लाइटताई असतेच. तिचं खरं नाव कुणी घेत नाही. जिन्यात भेटलं की लोक "काय, बरंय ना?" विचारतात, ही आपल्या हनुवटीकडे बघून म्हणते, "काका, जरा खिडकीकडे वळा. हां, आता डोळ्यांखालचं गेलं." डोळ्यांखाली काही होतं, हे आपल्याला तेव्हा कळतं.

लग्नसराईत ती लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेते, प्री-वेडिंगसाठी जोडप्यांना पाम बीच रोडच्या कडेला नाहीतर वाशीच्या सागर विहारला उभं करते आणि उरलेल्या वेळात फोटोग्राफी शिकते.

तिची पर्स एकदा उघडून बघायलाच हवी. बाहेरून चारचौघींसारखी मेकअपची पिशवी; आत एकही वस्तू आपल्या नेमून दिलेल्या कामावर नाही. व्हॅसलीन ओठांसाठी नाही. ते जुन्या फिल्टरच्या कडेकडेनं फासायचं: मधे नवरा-नवरी लख्ख, भोवती सगळं धुक्यात आणि मागे उभी असलेली रिक्षा अंतर्धान. गुलाबपाण्याच्या फवाऱ्यात निम्मं ग्लिसरीन असतं. बाल्कनीतल्या जास्वंदीवर मारलं की मे महिन्याच्या भर दुपारी पहाटेचं दव पडतं, आणि नुसत्या पाण्यासारखं लगेच वाळतही नाही. कॉम्पॅक्टमधली पावडर केव्हाच संपली. त्याचा आरसा लेन्सच्या खाली आडवा धरला की सोसायटीच्या पार्किंगमधे तळं तयार होतं. ब्लशचा ब्रश कॅमेऱ्याच्या बटणांतली धूळ झाडायला. चेहऱ्याच्या वाट्याला येतं फक्त एसपीएफ ५० चं सनस्क्रीन. काजळ तिनं सोडलं, कारण ते डोळ्यांत कमी आणि व्ह्यूफाइंडरच्या रबरावर जास्त राहायचं.

कपड्यांचंही तसंच. लाल कुडता घालून जवळ गेलं की त्याची झाक समोरच्याच्या गालावर उतरते, म्हणून कामावर जाताना काळं नाहीतर राखाडी. शुभकार्याला काळं म्हटल्यावर सासूबाई गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी पेपरात होमाई व्यारावालांबद्दल वाचलं होतं: देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण. "त्या बाईंनी साडी नेसून नेहरूंचे फोटो काढले. तुला काय धाड भरलीय?"

"आई, ते फोटो ब्लॅक अँड व्हाइट होते," लाइटताई म्हणाली.

तिच्या शिक्षणाचा खर्च मात्र दुसऱ्यांच्या समारंभांवर पडतो. 'रूल ऑफ थर्ड्स' ती ज्या आठवड्यात शिकली, त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांची पंचाहत्तरी होती. फोटोत आजोबा डाव्या कडेला आणि उरलेल्या दोन तृतीयांशात पडदा. "नजरेसमोर मोकळी जागा सोडलीय," ती म्हणाली. "त्या जागेत माझी बायको बसली होती," आजोबा म्हणाले. मग फ्लॅशचा धडा झाला. काही पावडरींमधे सिलिका असते, सनस्क्रीनमधे टायटॅनियम डायऑक्साइड. डोळ्यांना काही दिसत नाही, पण फ्लॅश पडला की उजेड उलटून येतो. त्या लग्नात नवरीच्या मावशीचं तोंड पिठाच्या डब्यातून काढल्यासारखं आलं. तेव्हापासून लाइटताई पाहुण्यांना आहेर देण्याआधी टिश्यू पेपर देते.

नोव्हेंबर ते मे तिच्या फ्रिजवर दुधाच्या हिशेबाशेजारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं. भरती आली की ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि फ्लेमिंगो सीवूड्सच्या टी. एस. चाणक्य संस्थेमागच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. जमिनीशी पोट टेकून तासन्‌तास त्यांच्याकडे बघणाऱ्या लाइटताईला त्यांच्याबद्दल वाटतो तो आदर आहे. पिल्लं राखाडी जन्मतात, पुढे सूक्ष्म शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गी जीव खाऊन गुलाबी होतात, एवढं तिला माहीत होतंच. पण त्यांच्यातले मोठे फ्लेमिंगो विणीच्या आधी जोडीदार शोधताना शेपटीजवळच्या ग्रंथीतलं रंगीत तेल गालानं मानेच्या पिसांना चोळतात, म्हणजे चक्क रंग गडद करून घेतात, हे संशोधकांनी २०१० मधे दाखवल्याचं कळलं, तेव्हा तिला कोण आनंद झाला! आता लाजणाऱ्या नवरदेवाला टचअप करताना ती हेच ऐकवते. "त्यांच्यात नरही लावतात. बसा सरळ."

तिथल्या डासांशी तिचा तह झालेला आहे. डासांच्या मलमातलं डीट कॅमेऱ्याचं प्लास्टिक खातं, म्हणून मलम पायांना, हात डासांना.

एवढं सगळं करून तिचा स्वतःचा धड एकही फोटो नाही. मध्यंतरी आधार कार्डावरचा फोटो बदलायला गेली, तर आधी ट्यूबलाइटकडे बघून उसासा टाकला, मग ऑपरेटरला सांगितलं, "दादा, उजेड डोक्यावरनं येतोय. खुर्ची दोन फूट मागे घेऊ का? आणि समोर एखादं थर्माकोल मिळेल?"

"मॅडम, हलू नका," तो म्हणाला.

झेरॉक्सवाल्याकडे कार्ड देताना लाइटताई अजून फोटोवर अंगठा ठेवूनच देते.