काय सांगताय!

दुपारी टीव्हीवर कढई विकायला दोघं येतात. त्याला सगळं ठाऊक असतं, तिला काहीच नसतं. थेंबभर तेलाशिवाय आम्लेट कसं सुटतं ते तो दाखवतो आणि ती म्हणते, "काय सांगताय!" माझ्या मते खरी कलावंत तीच. माहिती काय, कुणीही पाठ करील. पण तेच आम्लेट सकाळपासून अकराव्यांदा सुटताना बघायचं आणि तरी डोळे विस्फारायचे, हे खायचं काम नाही.

तशी एक आमच्याच मजल्यावर राहते. कॉलेजात एकांकिका गाजवलेली, आता पोटासाठी आश्चर्य करते. आश्चर्यातही म्हणे प्रती असतात. वस्तू दिसली की भुवया, किंमत फुटली की हात गालाला, आणि "सोबत सुऱ्यांचा संच मोफत" म्हटलं की एक पाऊल मागं. कानात इवलासा स्पीकर असतो. फोन थंडावले की त्यातून आवाज येतो, "सुऱ्या काढा." कॅमेरा सदा हातांवर, म्हणून नखं दागिन्यासारखी जपायची. परवा तव्याचा चटका बसला. किंचाळी आलीच होती, पण तिनं वाटेतच तिचं "वाऽव" करून टाकलं.

विकणाऱ्यांच्या या घराण्याचा मूळपुरुष अमेरिकेतला. १९७७ साली फ्लोरिडातल्या एका रेडिओ केंद्राला जाहिरातदारानं पैशांऐवजी डबे उघडायची ११२ ओपनरं दिली. निवेदक बॉब सर्कोस्टानं ती हवेवरूनच विकली, ९ डॉलर ९५ सेंटला एक. सगळी खपली! किमतीतल्या ९९९चं आपलं दुखणं तेव्हापासूनचं नसलं, तरी नात्यातलं आहे. पुढं हा गृहस्थ टीव्हीवर गेला आणि त्यानं तिथंही विकायचं सोडलं नाही.

आपल्याकडे त्याचे भाऊबंद आधी डबिंग होऊन आले. गोरा माणूस तोंड मिटून उभा, आणि मराठी आवाज "तर मंडळी" म्हणत आणखी तीन वाक्यं पुढं. या जाहिरातींतला 'आधी'चा माणूस मात्र मला फार जवळचा. चित्र काळंपांढरं, बिचाऱ्याला साधा कांदा चिरता येत नाही, झाकण उघडताना तो अख्ख्या ओट्यावर आमटी ओततो. यंत्र मिळताच रंगीत होतो.

मधे टीव्हीवर मंतरलेल्या कवचांचा आणि यंत्रांचा हंगाम होता. त्यातलं एक गळ्यात घातलं की नोकरी, लग्न, कोर्टकचेरी एका फटक्यात. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अशा जाहिराती २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. आमच्या शेजारणीनं तेही विकलंय का, हे मी विचारलं नाही. शेजार टिकवायचा असतो.

परवा बाजारात ती माझ्या पुढंच उभी होती. घसा बसलेला, तोंडावर मेकअपचा पत्ता नाही. भाजीवालीनं पाव किलो गवार तोलली आणि वर न बघताच पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या.

हिचा हात गालाला गेला. एक पाऊल मागं.

"काय सांगताय!"

भाजीवाली दचकली. "काय झालं हो ताई? नको असंल तर काढते."