शेवटचा थेंब

पाहुणा आला की गास गावातली माणसं चहा विचारतात. आमच्या शेजारचे सर बाटली विचारतात. "घरी संडासाला काय वापरता? थोडं आणाल का पुढच्या खेपेला? पन्नास मिली पुरे."

सर खरं तर सर नव्हेत. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये तीस वर्षं असिस्टंट होते. द्रावणं करायची, पोरांनी फोडलेली काच लिहून ठेवायची. निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं. सरांनी मागून घेतली ती टवका उडालेली एक ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली काचनळी. ती आता ओटीवर स्टँडला उभी असते आणि येणारा-जाणारा तिला वळसा घालून जातो.

बाटलीतल्या आम्लाचा जोर मोजायची पद्धत ठरलेली. दहा मिली क्लीनर पाण्याने शंभर करायचं, त्यातलं दहा फ्लास्कमध्ये घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा सोडायचा. एका हातात नळी, दुसऱ्या हाताने फ्लास्क गोल गोल. हा वेळ बोलायचा नसतो. मला एकदा शिंक आली तर सरांनी रीडिंगच रद्द केलं. गुलाबी रंग टिकला की संपलं. पण कंपनीचा क्लीनर मुळात निळा, त्यामुळे गुलाबी न येता जांभळट येतं. ते नक्की कधी आलं यावर सर स्वतःशीच भांडतात आणि तीनदा करतात. दर वेळी बाटली थोडी रिकामी होते.

"हा उद्योग कुणी काढला?" असं चुकून विचारलंत तर तासाची निश्चिंती. फ्रान्समध्ये रुआँ गावी देक्रवाझीय नावाच्या माणसाने १७९५ च्या सुमाराला कापड पांढरं करायच्या द्रावणाचा जोर मोजायला खुणा केलेली काचनळी वापरली. "म्हणजे ब्युरेटचा जन्मच ब्लीचसाठी!" हे सर असं सांगतात की जणू बारशाला हजर होते.

एकदाच मी त्यांना ओरडताना पाहिलं. भाडेकरूंची सून एका बादलीत ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र करत होती. सरांनी बादली हिसकावून अंगणात नेली. "क्लोरीन निघतो, बाय! नुसत्या वासाने माणूस जातो." त्या दिवशी ब्युरेटचं नावही काढलं नाही.

खरी लढाई झाली ती सायकलवरच्या अ‍ॅसिड-फिनेलवाल्याशी. (फिनेलला सर सोडून देतात. त्याचा जोर आम्लात नसतो, तिथे त्यांच्या नळीचं काही चालत नाही.) कंपनीच्या क्लीनरला २८ मिली सोडा लागला, म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण दहा टक्के. फेरीवाल्याच्या सुट्ट्या अ‍ॅसिडला लागला फक्त ९. सव्वातीन टक्के! सर फाटकात वही घेऊन उभे राहिले.

"पाणी विकतोस?"

तो सायकलवरून उतरलासुद्धा नाही. "सर, माझं लिटर तीस रुपयाला. तुमच्या कंपनीचं अर्धा लिटर शंभरला. आता हिशेब करा."

सरांनी केला. तिथंच, फाटकाच्या खांबावर वही टेकून. कंपनीचं रुपयाला अर्धा ग्रॅम अ‍ॅसिड, याचं रुपयाला एक ग्रॅमहून थोडं जास्त. दोनदा तपासलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दोन बाटल्या दे."

त्यातली एक दुसऱ्या दिवशी पडताळणीत गेली. दुसरी तिसऱ्या दिवशी, पहिलीशी जुळते का बघायला. सरांच्या घरच्या मावशी आतून विचारत होत्या, संडास कधी धुणार.

सरांच्या संडासाच्या भांड्यावरचा पिवळा डाग दिवाळीपासून तसाच आहे. तुमचं कधी गासला येणं झालं आणि हातात कसली बाटली असली, तर सरांच्या फाटकासमोरून जाताना ती पिशवीत झाकून न्या.