हंसांचा अधिक मास

२०२४ साली आमच्या घरी वसंत उशिरा आला, त्याचा पुरावा भिंतीवर टांगलेला होता. आदल्या वर्षी अधिक श्रावण पडला. त्यामुळे २०२३ला २२ मार्चला उभारलेली गुढी पुढच्या वर्षी थेट ९ एप्रिलला उभी राहिली. अठरा दिवसांचा उशीर. या अठरा दिवसांवर मी अख्खी सहल बेतली.

भिगवणला पट्टकदंब हंस बघायचे, हे माझं जुनं वेड. डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येतात आणि उजनीच्या पाण्यावर हिवाळा काढतात. जाणकार म्हणाले, मार्च संपायच्या आत जा. मी मनातल्या मनात अठरा मिळवले.

"शेजारच्या आंब्यावरचा कोकीळ महिनाभर पहाटे साडेचारला कोकलतोय," बायको म्हणाली. "त्याला कुठे कळला अधिक महिना?"

ज्याची पोरं कावळा सांभाळतो, त्याच्याकडून मी वेळापत्रक शिकायचं? मेव्हण्याची दुर्बीण गळ्यात अडकवून निघालो. तिच्या उजव्या भिंगात बुरशी होती. म्हणजे तो डोळा मिटूनच बघायचं.

पुण्यापासून शंभरेक किलोमीटर. कुंभारगावला पोचलो तर पाणीच जागेवर नाही. आदल्या पावसाने दगा दिल्याने उजनी वजा टक्क्यांत गेलं होतं. धरण शून्याखाली कसं जातं, हे मला तिथे कळलं: मृतसाठाच ६३ टीएमसी, त्यामुळे शून्यानंतरही बरंच काही शिल्लक असतं. आमच्या बँकेत ही सोय नाही. भेगाळलेल्या गाळातून चपला हातात घेऊन होडीपर्यंत गेलो. ऊन असं, की दुर्बीण डोळ्याला लावली की भुवई भाजायची.

नावाड्याने बांबू रोवत होडी काढली. शेकाट्या दिसले, लाल काटकुळ्या पायांवर लुटुलुटु चालणारे. लांबवर गुलाबी रेघ दिसली. ते रोहित आहेत, असं त्याने सांगितलं म्हणून मी मानलं. मी एक डोळा मिटून चौफेर बघत होतो. थोड्या वेळाने तो अवघडून म्हणाला, "दादा, काही खुणवताय का?"

दुर्बिणीची कुळकथा सांगितली आणि हंसांचं विचारलं.

"हंस व्हय? गेलं की समदं. मार्चातच."

"कुठे?"

"लडाख, तिबेट, तिकडं वर."

म्हणजे आमच्या सोसायटीतले निम्मे लोक मे महिन्यात पैसे भरून जिथे जातात, तिथे ते आधीच फुकटात पोचले होते. मी त्याला अधिक महिन्याचा हिशेब नीट समजावून सांगितला. त्याने बांबू गाळात रोवून ठेवला आणि शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. पोरगा परीक्षेत का नापास झाला हे बाप ऐकतो, तसं.

काठावर तळलेली चिलापी मात्र फक्कड होती. दोन खाल्ल्या, तिसरी बायकोसाठी बांधून घेतली. पैसे देताना नावाड्याने विचारलं, "आन् पुढच्या साली पाडवा कधीचाय?"

"३० मार्चला."

"बरं," तो म्हणाला, "हंसांना तसं सांगून ठेवतो."